आठवड्यातून दोनदा मासे

मासळीबाजारात एक तरुण हातातल्या बांगड्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभा होता, आणि दोघांपैकी जास्त घाबरलेला कोण, हे सांगणं कठीण होतं. शेजारी उभ्या तरुणीला हसू आवरेना.

"कल्ले उघडून बघा," ती म्हणाली. "लालभडक असले की मासा ताजा."

"तुम्हाला... कळतं यातलं?"

"इस्पितळात आहारतज्ज्ञ आहे मी. लोकांना मासे खायला लावणं हेच माझं काम."

तो घड्याळजी होता. वडिलांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा मासे द्यायला सांगितले होते, आणि घरात दोघंच पुरुष – मासा शिजवायचा कसा, इथपासून आनंद! तिने सगळं समजावलं. तळू नका, वाफवा. यातलं तेल हृदयाला चांगलं, रक्तातली चरबी उतरते, डोळ्यांनाही बरं. तो इतकं मन लावून ऐकत होता, की तीच मध्ये अडखळली.

मग दर रविवारी भेट होऊ लागली, आणि दर भेटीला त्याची नवी शंका. बाबांना काट्यांची धास्ती, म्हणून तो डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या चिमट्याने एकेक काटा काढायचा. हे ऐकून तिने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. पण गाडी काही माशांच्या पुढे सरकेना. शंका संपल्या की याचं येणंही संपेल, हा विचार तिला सतावायचा.

एका रविवारी तो बाबांनाच घेऊन आला. बाबा चांगले टुणटुणीत.

"रिपोर्ट छान आलाय," तो म्हणाला, पण चेहरा पडलेला. "आता... विचारायचं काही उरलं नाही."

"मला विचारायचंय," बाबा म्हणाले. "मुली, रोज मासे द्या असं तू सांगितलंस का गं?"

"नाही हो काका! दोनदाच."

"तरी म्हटलं! तू न जाणो मधल्या वारी आलीस तर, म्हणून हा रोज इथे येतो. रिकाम्या हाताने परतायची लाज वाटते म्हणून मासा घेतो. आणि खावा लागतो मला!"

"बाबा!" तो कानापर्यंत लाल झाला.

इतके दिवस ती रविवारची वाट बघत झुरत होती, आणि हा वेडा रोज... तिला त्याचा राग आला, कीव आली, आणि तो फार फार आवडला.

"काकांना दोनदाच द्या मासे," ती हळूच म्हणाली. "मला भेटायला मासा लागत नाही."

"मग... काय लागतं?"

"संध्याकाळी सहाला सुटते मी. इस्पितळाच्या दारात या. खुशाल हात हलवत या."

"उद्या येऊ?" त्याने विचारलं.

"रोज," ती म्हणाली.