चौकटीतून गेलेला नदीकाठ

सोमवारी सकाळी सात वाजता कस्तुराबाईंच्या लोणावळ्याच्या बंगल्यातलं चित्र नाहीसं झाल्याचं कळलं. आठ वाजता पोलिसांनी माळी अल्लाबक्षला नेलं. "चौकशी तर होऊ द्या," असं शेजारचे निवृत्त रेल्वे गार्ड हौशीराम तेव्हा म्हणाले आणि आपले मित्र, खासगी तपासनीस मारुतराव गराडे यांना घेऊन आले.

सन १९३६चा श्रावण होता. चित्र वीतभर फळीवरचं. बाईंचा मुलगा पॅरिसला शिकून आला आणि इंद्रायणीच्या काठावर एका बैठकीत त्यानं ते रंगवलं. जवळून नुसते तेलरंगाचे जाड ठिपके. चार पावलं मागं सरलं की पाणी हलायला लागायचं. पुढच्या वर्षी मुलगा वारला. उद्या सून ते न्यायला येणार होती.

सोनेरी चौकट भिंतीवरच होती. मागचे खिळे वाटीत ठेवलेले.

"बुरशी धरली होती चित्राला," हौशीराम म्हणाले. "मीच बाईंना सांगितलं, जरा ऊब द्या."

शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर शाल वाळत टाकली होती. मारुतरावांनी टोपलीवरून एक निळा टवका नखानं काढला.

"शेगडी कोण पेटवतं?"

"बाईच," अल्लाबक्षची बायको जैतुनबी म्हणाली. "आमाला हात लावू देत न्हाईत. काल आमी दोघंबी कार्ल्याला लग्नात हुतो. आज आलो तर ह्यो तमाशा! भाऊ, आमच्या झोपडीला भिंत तरी हाय का चित्र टांगायला?"

"गप गं," कस्तुराबाई म्हणाल्या. "मागल्या दाराची किल्ली त्याच्याकडेच असते."

मारुतरावांनी जैतुनबीला बाहेर पाठवून दार लावलं.

"चोर सोनेरी चौकट सोडत नाही, खिळेही जपत नाही. ते परत ठोकायचे होते. टोपलीला चित्रातला रंग चिकटलाय. काल घरात तुम्ही एकट्या होता, बाई. सुनेसाठी बुरशी घालवायला चित्र शेकलंत. निखारे जास्त झाले."

बाईंनी कपाट उघडलं. फळी करपली होती, रंगाला फोड आले होते.

"डोळा लागला माझा," त्या म्हणाल्या. "लेकाचं एवढंच उरलं होतं. सुनेला काय सांगू, मी जाळलं?"

"आणि अल्लाबक्षनं काय सांगायचं?"

हौशीरामांना मान वर करवेना. पोलीस नेत असताना अल्लाबक्ष त्यांच्याकडेच बघत होता आणि त्यांनी नुसतं चौकशी होऊ द्या म्हटलं होतं.

दुपारी बाईंनी चौकीवर जाऊन खरं सांगितलं. अल्लाबक्ष सुटला, पण बंगल्यावर आला नाही. संध्याकाळी तो आणि जैतुनबी तळेगावपुढच्या घोरावाडी स्टेशनात बोचकी घेऊन उतरले, एवढं समजलं. हौशीराम पुढच्याच गाडीनं तिथं गेले. ती दोघं कुठल्या वाटेनं गेली, ते कुणालाच सांगता आलं नाही.