पाचवी खेप

मामाचा औषधाच्या बाटल्या बनवण्याचा कारखाना आहे आणि त्याची वकील मीच. औषध कंपनी कोर्टात गेली होती: चार खेपा दोन-दोन दिवस उशिरा पोचल्या, करार रद्द करा. मामा शपथेवर सांगत होता, माल वेळेवर निघाला. रस्ता पाच तासांचा. चारही खेपांना ड्रायव्हर एकच.

करार गेला असता तर कारखान्याला टाळंच लागलं असतं. माझा संशय ड्रायव्हरवर होता. वाटेत दुसऱ्या कुणाचा माल वाहत असणार. पण ट्रकचे किलोमीटर तंतोतंत जुळत होते. डिझेलही.

"काका, मधे कुठे थांबता?"

"कुठेच नाही, ताई." नजर मात्र त्याने चुकवली.

शेवटची सुनावणी मंगळवारी होती. सोमवारी सकाळी नऊला पाचवी खेप निघाली, तेव्हा मीच त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

रस्ता सरळ, रुक्ष. बाराच्या सुमाराला एक लांबलचक राखाडी भिंत लागली. समोरून एकही गाडी येईना. मागे सकाळपासून किणकिणणाऱ्या बाटल्या अचानक गप्प झाल्या. मग भिंत संपली आणि त्या पुन्हा वाजू लागल्या. माझ्या घड्याळात जेमतेम दहा मिनिटं गेली होती.

दोनच्या सुमाराला पोचलो. कंपनीच्या वॉचमनने वहीत लिहिलं, बुधवार.

"आज सोमवार आहे," मी म्हणाले.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

मी मोबाईल काढला. बुधवारच. मामाला फोन लावला.

"आता कशाला फोन करतेस?" त्याचा आवाज बसला होता. "काल भर कोर्टात उभी राहून उशीर कबूल केलास. न्यायाधीशांनी तिथल्या तिथे निकाल दिला. निदान मला तरी आधी सांगायचंस गं."

"मामा, काल मी तिथे..."

त्याने फोन ठेवला.

ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्याला नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सांगून कुणी मानलं असतं, ताई? पहिल्या खेपेनंतर घरी गेलो, तर बायको म्हणाली, दोन दिवस घरीच तर होतात."

मी फोन पर्समध्ये टाकला.

"घरी कसा वागला... तो?"

"चांगला." त्याने खिडकीची काच वर केली. "पोरं अजून विचारतात, ते बाबा परत कधी येणार."