बर्फघराची दुहेरी भिंत

ठक. ठक. ठक.

थापीच्या लाकडी मुठीचा तो आवाज. एक्केचाळीस वर्षं झाली, पण कधी भांड्यावर भांडं पडलं तरी माझा हात थांबतो. दिवा जरा इकडे सरकवा. सांगतो.

मी गवंडी. शाळेत फार गेलो नाही, पण ओळंबा सोडला की भिंत सरळ आहे की नाही ते एक डोळा मिटून सांगायचो. माझा जोडीदार होता, त्याला सगळे काडी म्हणायचे. इतका बारीक, की मुकादम म्हणायचा, "हा उन्हात उभा राहिला तर सावलीला लाज वाटते." काडी हसायचा. हसताना खांदे हलायचे त्याचे.

तेव्हा आम्ही एका बर्फघराचं काम करत होतो. बर्फघराला भिंत दुहेरी लागते. दोन भिंती आणि मध्ये हातभर पोकळी. आतून डांबर फासायचं आणि शेवटी वरून लाकडाचा भुसा ओतायचा, म्हणजे गारवा टिकतो. बांधताना पोकळीत सिमेंटचा माल सांडतो, तो झाडून काढावा लागतो. त्यासाठी तळाशी एक भोक ठेवायचं, काडीसारखा बारीक माणूस पोटावर सरपटत जाईल एवढं. ते भोक सगळ्यात शेवटी बुजवायचं. आणि बुजवायच्या आधी वाकून, दिवा धरून आत बघायचं. हा नियम.

माझी पाठ दुखत होती. मी वाकलो नाही.

भोक बुजवलं आणि आमच्या रीतीप्रमाणे थापीच्या मुठीनं भिंतीवर तीनदा ठोकलं. पलीकडच्या बाजूला काडी असायचा. त्यानं तीनदा ठोकलं की समजायचं, त्याचंही झालं, सुटलो. लगेच उत्तर आलं. ठक, ठक, ठक. मी थापी धुवायला घेतली. पुन्हा तीनदा वाजलं. मी हसून म्हणालो, "पुरे रे गड्या, ऐकलं!" माल कालवायचं मशीन घरघरत होतं. मी डबा उचलला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काडी आला नाही. मुकादम म्हणाला, "गेला असेल दुसऱ्या कामावर. त्याची खोडच आहे." तशी खोड होती त्याला. तिसऱ्या दिवशी वरून भुसा ओतला. मी खाली उभा होतो. तेव्हा मला कळलं होतं का? लोकांनी विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. पण कळलं होतं. ताज्या डांबराच्या वासानं माणसाचं डोकं फिरतं, आवाज फुटत नाही. हात तेवढा हलतो.

घरी दोन महिन्यांची लेक होती. मी गप्प बसलो.

काडीची बायको, वहिनी, आमच्या मागच्या गल्लीत राहते. दिसली की एकच विचारायची, "काही कळलं का, भावजी?" मी नाही म्हणून मान हलवायचो. एक्केचाळीस वर्षं मान हलवत आलो.

आता यंदाचं सांगतो. माझी नात, भिंगरी, आठ वर्षांची. नाव भिंगरी आणि पाय प्लास्टरमध्ये. जिन्यावरून उड्या मारल्या बाईसाहेबांनी. तिची आई, म्हणजे माझी लेक, कामावर जायची आणि दुपारभर आम्ही दोघंच. भिंगरी टॅबलेटवर गाव बांधायचा खेळ खेळायची. रस्ते आखायचे, घरं बांधायची, मग बसमधून इवली इवली माणसं येतात. प्रत्येकाला घर मिळालं की माणूस हात हलवून धन्यवाद म्हणतो. कोणी राहिलं तर वरच्या कोपऱ्यात लाल आकडा दिसतो. बेघर, इतके इतके.

"आबा, मला बर्फघर हवंय. तुम्ही गवंडी होतात ना? तुम्ही बांधा."

"मला नाही जमत ते काचेवरचं."

"बोट तर लावायचंय! सिमेंट थोडंच कालवायचंय?"

दोघांनी खेळायची सोय होती. तिच्या विटा पिवळ्या, माझ्या निळ्या. ज्यानं बांधलं त्यालाच ते पाडता येतं, भावंडांनी एकमेकांचं मोडू नये म्हणून. मी बोटानं विटा सरकवल्या. मजा वाटली, खोटं कशाला बोलू. हातानं सवयीनं भिंत दुहेरी घेतली. तळाशी भोक ठेवलं. आणि शेवटी... तेही बुजवलं.

त्या दिवसापासून कोपऱ्यात आकडा आला. बेघर, एक.

भिंगरीनं त्याच्यासाठी घर बांधलं. निळ्या छपराचं, पुढे बाग. आकडा हलला नाही. तिनं दुसरं बांधलं, तिसरं बांधलं. पाच दिवस पोर तेच करत होती. जेवताना म्हणायची, "आबा, तो कुठे झोपत असेल?"

सहाव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं होतं. घरात दिवा लावावा असा अंधार. मला डांबराचा वास आला. खिडकी उघडली, तर रस्त्यावर काहीच काम नव्हतं. खिडकी लावली, तर वास वाढला.

"आबा," भिंगरी हळूच म्हणाली, "सापडला."

तिनं चित्र मोठं केलं होतं. बर्फघराच्या दोन भिंतींच्या मध्ये एक माणूस उभा होता. इतर माणसं गोल गुबगुबीत. हा बारीक, आडवा वळायलाही जागा नसलेला.

"हा आत कसा गेला?"

मी टॅबलेट माझ्या मांडीवर घेतला.

खेळाचा आवाज बंद होता. माझी लेक तो बंदच ठेवायला लावते. तरी मांडीवरच्या टॅबलेटमधून माझ्या तळहाताला जाणवलं. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा.

"आबा, तो ठोकतोय. पाडा ना भिंत."

"तूच पाड, बाळा..."

"माझ्यानं नाही पडत. निळ्या विटा आहेत. तुमच्या आहेत."

माझं बोट काचेजवळ जाऊन मागे आलं. भिंगरीनं माझं मनगट धरलं, मी तिला चालायला शिकवताना धरायचो तसं. "दाबून धरा," ती म्हणाली. मी दाबून धरलं. एकेक वीट गळाली. धूर उठावा तसं काहीतरी तपकिरी उडालं, भुशासारखं.

तो बाहेर आला. त्यानं हात हलवला नाही, धन्यवाद म्हटलं नाही. निळ्या छपराच्या घरावरून तो सरळ पुढे गेला, रस्ता संपतो तिथे गेला, आणि चित्राच्या कडेबाहेर निघून गेला. कोपऱ्यातला आकडा शून्य झाला.

"आबा, त्याचं घर तर इथे आहे. मग तो कुठे गेला?"

मला माहीत होतं. मी लेकीची वाट बघितली, ती आल्यावर चपला घातल्या आणि मागच्या गल्लीत गेलो.

वहिनी शिंप्याकडच्या शर्टांना काज करत बसली होती. एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. मला बघून तिनं नेहमीचं विचारलं नाही. पहिल्यांदाच. मी खुर्चीवर बसायला गेलो.

"तिथे नको, भावजी," ती हळू म्हणाली. "स्टुलावर बसा."

मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. दुखरी पाठ, न वाकता बुजवलेलं भोक, तीन ठोके, मुकादम, भुसा, आणि माझं गप्प बसणं. म्हणालो, "बर्फघर अजून उभं आहे, कुलूप लावून. उद्या पोलिसात जातो. भिंत फोडायला लावतो. मला काय व्हायचं ते होऊ दे, वहिनी. तुम्ही वाट बघत म्हाताऱ्या झालात, आणि मला रोज ठाऊक होतं..."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती टेबलापलीकडच्या त्याच रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. एखाद्याला आपण नजरेनं विचारतो ना, हा म्हणतोय ते खरं का, तसं. मग उत्तर मिळाल्यासारखी तिनं मान डोलावली. सुई शर्टात टोचून ठेवली.

"वहिनी, काहीतरी बोला..."

ती उठली. चपला पायात सरकवल्या. मला त्या खुर्चीसमोर, काडीसमोर, तसंच बसलेलं सोडून, दार बाहेरून ओढून घेऊन, ती गल्लीतून निघून गेली.