बिननंबरी बिल्ला

तडा पावणेदोन सेंटिमीटरचा होता. भोकापासून निघून, रंगवलेल्या मागाच्या निळ्या धोट्यावरून खाली उतरलेला. ऋजुताने तो नखाने मोजला, मग मातीच्या बिल्ल्यावरचा नंबर वाचला. दोनशे चौदा. म्हणजे हृषीकेशच्या बाबांचा.

"मीच केलं हे," ती म्हणाली. "काल भट्टीची वीट काढली… निवायच्या आधी."

"केमिस्ट्रीच्या मॅडमनी?" हृषीकेश हातोडी धरून बघत राहिला. "कॉलेजात पोरांना काय शिकवतेस मग?"

"त्यात माझाही एक आहे म्हणालास ना. रविवारी उज्जैनचे लोक मला बघायला येतायत. त्याआधी बघायचा होता."

"दिसला?"

"नाही. टक्कन आवाज आला. घाबरून वीट परत लावली. आता दाखव."

"आधी उत्तर."

दोन वर्षांपूर्वी तो तिच्या लॅबमध्ये चिमूटभर कोबाल्ट ऑक्साइड मागायला आला होता. तराजूपाशी दोघांची बोटं लागली, आणि काटा बराच वेळ हलत राहिला. दिवाळीत त्याने लग्नाचं विचारलं. "सांगते," ती म्हणाली होती. आता चैत्र संपत आला होता.

हृषीकेशच्या माडीवरच्या कामाच्या खोलीत भिंतीवर नवा लाकडी फळा होता, कापड मिलच्या गेटवर असायचा तसाच. कामावर आलेल्याने आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा. भोंग्यानंतर जो खिळा रिकामा, तो माणूस गैरहजर. मिल बंद पडली, जुना फळा भंगारात गेला. हृषीकेशने साठ बिल्ले मातीचे केले, प्रत्येकावर त्या-त्या माणसाची खूण रंगवली.

"बाबांचा तडकलेलाच लावू," म्हणत त्याने तो खिळ्याला अडकवला. "पण ऋजू… मी अजून किती थांबू?"

जिना वाजला. फळा बघायला अण्णा आले — तिचे वडील. मिलच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षं त्या फळ्यासमोर बसलेले. त्यांनी चष्मा पुसला आणि रांगेने वाचत गेले.

"दोनशे चौदा. दिवाकर. एक दिवस लेट नाही, भिया." बोट तड्यावर थांबलं. मग टेबलावर पालथा ठेवलेला शेवटचा बिल्ला त्यांनी उचलून सुलटा केला. "याला नंबर नाही. तराजू काढलाय… एका पारड्यात चिमूटभर निळं. हा कोणाचा?"

हृषीकेश खाली बघत होता. दिवाकरच्या खिळ्याखाली एक खिळा रिकामा होता. ऋजुताने अण्णांच्या हातून बिल्ला घेतला. तो खिळ्यावर दोनदा वाजला, मग बसला.

"माझा, अण्णा. उज्जैनला नको म्हणून कळवा. मी हृषीकेशशी लग्न करणार आहे."