शेवंतीच्या बांधाबाहेर

“बांधाच्या बाहेर हो आधी! देवाची फुलं हायती ती, इटाळ करशील!”

धुरपदाबाईंचा आवाज साऱ्या शेवंतीवर कडाडला आणि सुनेचा, सोनमचा, उचललेला पाय जागीच थबकला. शिरूरजवळच्या त्या घराची रीतच होती, बाहेर बसलेल्या बाईने फुलांच्या रानात शिरायचं नाही. रीत चार दिवसांची होती हो... पण सोनमचे चार दिवस संपतील तेव्हा ना! अर्धा-अर्धा महिना अंगावरून जाणं, पोट पिळवटून टाकणाऱ्या कळा, आणि ऐन दसऱ्याच्या तोडणीत सासूचा एकच धोशा, सोंग करते म्हणून.

“मजुरांच्या मागं पळून माझी कंबर गेली, आन् ही म्हाराणी बसली पोट धरून! ईश्वर, पिशवी काढून टाक हिची, सुटंल समदी पीडा. माझी न्हाई काढली तिशीत? मेले व्हय मी?”

ईश्वर खाली मान घालून क्रेट रचत राहिला. नवऱ्याचं ते मौन सोनमला सासूच्या शिव्यांहून जास्त लागलं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी कूस रिकामीच होती. पिशवी गेली की उरलीसुरली आशाही गेली... पण घरातली ही रोजची धुसफूस आपल्यापायी नको, म्हणून त्या अभागिनीने आपल्या मातृत्वावर पाणी सोडायचं ठरवलं.

“काढा,” ती म्हणाली, “पन आत काय झालंय ते आधी कळू द्या. न कळता कापू नका मला!”

“आली मोठी डॉक्टरीण!” धुरपदाबाई फिसकारल्या.

ऑपरेशन दौंडला ठरलं. आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी स्वतः आतून सोनोग्राफी केली, पडद्याकडे कितीतरी वेळ पाहिलं आणि तिघांना समोर बसवलं.

“आधीच्या डॉक्टरांनी गाठ आहे असं सांगितलं होतं ना? मला ही गाठ वाटत नाही. पिशवीचं आतलं अस्तर तिच्या भिंतीतच शिरलंय. अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात. पाळीत भिंतीच्या आतच रक्त साकळतं, भिंत सुजते, म्हणून या कळा. एमआरआय करून खात्री करू. हिला मूल हवंय, तर आधी औषधं. उद्याचं ऑपरेशन नाही.”

“म्हंजी... सोंग न्हाई?” ईश्वरच्या तोंडून निघून गेलं.

“सोंग? अहो, एवढ्या दुखण्यात ही उभी राहते कशी, तेच मला कळत नाही!”

सोनमने तोंडात पदर कोंबला. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिचं दुखणं कुणीतरी खरं मानलं होतं!

“न कापता कसं कळलं तुमास्नी?” धुरपदाबाई अजून गुरगुरतच होत्या.

“पूर्वी पिशवी काढून तपासल्यावरच कळायचं, आजी. आता बरेचदा आधीच कळतं.”

आणि त्या कर्कश बाईचा चेहरा एकाएकी उतरला. “माझी काढली, तवा काय झालंतं तिला, कुनी सांगितलंच न्हाई... ईश्वरच्या पाठीवर लेकरू पायजे व्हतं मला... सासू म्हनायची, सोंग करतीया...”

परतीच्या एसटीत मात्र त्या सुनेशी चकार शब्द बोलल्या नाहीत. एमआरआयनेही तेच सांगितलं, औषधं सुरू झाली, तरी घरात अबोला तसाच.

पुढच्या पाळीत सोनम सवयीने बांधाबाहेर बसली. पलीकडून तोच कडाडता आवाज आला, “आत ये!”

“आत्या... आज बाहेरची हाय मी.”

“ठावं हाय! कामाला न्हाई बोलावलं, बस हितं सावलीत.” धुरपदाबाईंनी बांधावर येऊन तिला दंडाला धरून आत ओढलं आणि ओंजळभर शेवंती तिच्या ओटीत घातली.

“आत्या, देवाची फुलं...”

“देव इचारंल, तर माझं नाव सांग!” म्हाताऱ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. “मला कुनी आत घेतलं न्हाई गं, पोरी...”

सोनमने ओटीची फुलं घट्ट धरली आणि सरकून सासूला सावलीत जागा करून दिली.