पिवळा दिवा लागला तेव्हा

औशाच्या बस स्टँडवर साक्षी उतरली तेव्हा पाऊस नुकताच थांबून पुन्हा यायच्या विचारात होता. गणपती उठून गेले होते, तरी आभाळ काही हलायला तयार नव्हतं. खांद्यावरची हत्यारांची पिशवी ओढणीखाली झाकत ती शेडमध्ये येऊन उभी राहिली. पेशंटचा मुलगा न्यायला येणार होता. त्याचा पत्ता नव्हता.

शेजारी एकजण उभा होता. उंच, जरासा वाकलेला, हातात मोटारसायकलची किल्ली. येणाऱ्या प्रत्येक बसकडे तो मान लांबवून बघत होता.

"लातूरची गाडी हीच होती का हो?" त्यानं शेवटी तिलाच विचारलं.

"हाव. मी त्यातनंच उतरले."

"त्यात कुणी टेक्निशियन दिसले का? मोठी बॅग असंल हातात… घरी ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय. येतो म्हणाले आणि आलेच न्हाईत. ह्या लोकांचं असंच असतंय."

साक्षीनं ओठ दाबले. "खरंय. लई बेकार लोक असतात."

त्यानं वैतागून फोन लावला… आणि साक्षीची पिशवी वाजायला लागली. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या.

"बोला," साक्षी फोन कानाला लावून म्हणाली, त्याच्याकडे बघतच. "बेकार टेक्निशियन बोलतेय."

आनंदराज आणि तिची ओळख झाली ती अशी.

साक्षीनं लातुरातच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. तिथंच खाजाभाईंचं दवाखान्याच्या सामानाचं दुकान होतं. पलंग, खुर्च्या, ऑक्सिजनची मशीनं ते भाड्यानं द्यायचे. मशीनं बघायचं काम साक्षीकडे. आनंदराजचे वडील ईश्वरप्पा जन्मभर डाळ मिलमध्ये मुकादम होते. डाळीच्या भुकटीनं छाती खाल्ली, आणि आता दिवसरात्र नाकाला नळी. आई नव्हती. आनंदराज लग्नांचं शूटिंग करायचा आणि अप्पांच्या कॉटजवळच कॉम्प्युटर मांडून एडिटिंग करत बसायचा. एका कोपऱ्यात मशीनची घरघर, दुसऱ्यात सनई.

त्या दिवशी बिघाड असा नव्हताच. पाण्याच्या बाटलीचं झाकण वाकडं बसलं होतं आणि हवा बाहेर निसटत होती. साक्षीनं झाकण काढून सरळ फिरवलं. बाटलीत बुडबुडे नाचायला लागले.

"झालं?" आनंदराज म्हणाला.

"झालं. आणि मशीन भिंतीला असं चिकटवू नका. त्यालाही श्वास घ्यावा लागतो. मागचा फिल्टर दर रविवारी धुवायचा, सावलीत वाळवायचा, मगच बसवायचा."

मग तिनं मोजायचं यंत्र नळीला लावून ऑक्सिजन किती शुद्ध येतोय ते बघितलं. "हा हिरवा दिवा दिसतोय? हा हिरवा आहे तोवर काळजी नाही. पिवळा लागला तर लगेच मला सांगायचं."

"पोरी," कॉटवरून अप्पा म्हणाले, "कालपासनं हा त्या मशीनच्या पाया पडायलाय. तू आली अन् एका हातानं केलंस बघ. बस, च्या घे."

चहा आनंदराजनं केला. फार गोड झाला होता. साक्षीनं सगळा प्यायला.

आठवडा गेला असेल नसेल, त्याचा फोन आला. "मॅडम, आवाज वेगळा येतोय."

"कसा?"

"घर्र… फुस्स… घर्र… फुस्स…"

"चांगलं मशीन असंच वाजतं."

"मग हे जरा जास्तच चांगलं वाजतंय. एकदा बघून गेला असता तर…"

ती गेली. मशीनला काही झालं नव्हतं. पुढच्या वेळी प्लग सैल वाटत होता, तो घट्ट निघाला. त्यानंतर मशीनला "कसलातरी वास" येत होता. तो स्वयंपाकघरातल्या फोडणीचा निघाला. आनंदराजनं अप्पांच्या हवेला कधी हात लावला नाही, तेवढी अक्कल त्याला होती. तो फक्त थापा मारायचा, आणि थाप मारताना फोनवरही त्याचे कान लाल झालेले साक्षीला दिसायचे.

ती दुकानात खोटंच कुरकुरायची, "औशाचं मशीन म्हणजे डोक्याला ताप आहे नुसता." खाजाभाई चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "ताप तो है बेटा… चेहरा सांगून राहिला."

अप्पांना तर सगळं कळत होतं. एकदा आनंदराज दूध आणायला गेला तेव्हा ते हळूच म्हणाले, "मशीनला काय रोग न्हाई, पोरी. रोग दुसऱ्यालाच हाय." आणि हसता हसता त्यांना इतका खोकला आला की साक्षीनं त्यांची पाठ चोळली. त्या पाठीवर हात ठेवताना तिला आपले वडील आठवले. ते शेषेराव अहमदपूरकडच्या गावी शेतात राबायचे, आणि त्यांच्याशी ती कधी इतकं बोललीही नव्हती.

दिवाळीनंतर एकदा तो तिला स्टँडवर सोडायला आला. गाडी लागली होती. कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. साक्षी पायरीवर चढली आणि तो खाली उभा राहून म्हणाला, "मॅडम, एक… एक बोलायचं होतं."

"बोला ना."

त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "म्हणजे… कसं बोलावं…"

"जसं असेल तसं बोला."

"…फिल्टर परत कधी धुवायचा?"

"रविवारी," साक्षी म्हणाली. गाडी हलली. खिडकीतून तिनं मागं बघितलं तर तो कपाळावर हात मारून घेत होता. लातूर येईपर्यंत ती हसत होती. पण हसू ओसरल्यावर वाटलं, आपण तरी काय केलं? 'फिल्टरचं राहू द्या, खरं काय ते सांगा,' असं म्हणायला कुणी तोंड धरलं होतं? पुढच्या वेळी म्हणू. पुढची वेळ येणारच होती. मशीन काहीतरी निमित्त काढणारच होतं…

थंडी पडली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी साक्षी अहमदपूरच्या गाडीत बसली होती. तिकडे दोन पेशंटची मशीनं बघायची होती. फोन वाजला.

"मॅडम, पिवळा दिवा लागलाय."

ती हसली. "आज पिवळा का? वास गेला वाटतं."

तिकडून तोही हसला. त्याला लाजायला झालं की हसायचीच सवय होती. "खरंच लागलाय ओ."

"हाव, खरंच!"

"आई शपथ, मॅडम."

"बरं बरं. फिल्टर धुवा, बाटलीचं झाकण बघा. मी उद्या येते. उद्या दुपारभर मोकळी आहे… निवांत बसू."

'निवांत बसू' हे तिच्या तोंडून निसटलंच होतं. ती स्वतःच दचकली.

"उद्या… नक्की?"

"नक्की."

त्या दोन शब्दांच्या आनंदात तो पिवळा दिवा विसरला, आणि तीही. उद्या कुठला ड्रेस घालायचा, याचा ती अहमदपूर येईपर्यंत विचार करत होती. वाटेत एकदा मनात आलं, खरंच लागला असेल तर? एखाद्या शेजाऱ्याला बोटाला लावायच्या यंत्रानं अप्पांचा ऑक्सिजन बघायला सांगू का? पण मग वाटलं, तो परत हसेल. फोन तिनं पर्समध्ये टाकला.

दुपारी ती एका वाडीवर होती. तिथं रेंज नव्हती. त्याच वेळी औशात अप्पांचे ओठ काळेनिळे पडायला लागले. दिवा लाल झाला, मशीन एकसारखं ओरडायला लागलं. आनंदराजनं घरातलं राखीव सिलिंडर लावलं. ते कधीपासून पडून होतं, अॅम्ब्युलन्स यायच्या आधीच संपलं. अॅम्ब्युलन्स लातूरला पोचली तेव्हा अप्पा शुद्धीवर नव्हते.

रेंजमध्ये आल्यावर साक्षीच्या फोनवर एकामागून एक त्याचेच मिस्ड कॉल उमटत गेले.

दवाखान्यात आयसीयूच्या बाहेर तो भिंतीला टेकून बसला होता. अंगात घरातलेच कपडे. ती समोर जाऊन उभी राहिली.

"मीच खोटं बोलत होतो इतके दिवस," तो फरशीकडे बघत म्हणाला. "तुम्ही तरी कसा विश्वास ठेवणार."

'मी यायला पाहिजे होतं' हे वाक्य साक्षीच्या घशापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. डॉक्टरांनी हाक मारली, तो उठून आत गेला. तिला वाटलं, त्यानं आपल्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मशीन दुकानात आणून तिनं उघडलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे जे खडे असतात, त्यात ओल शिरली होती. कधीतरी फिल्टर नीट न वाळवताच बसवला गेला असणार, किंवा नसेलही. पावसाळाभर हवाच तशी होती. नवे खडे बसवून ती रात्र होईपर्यंत मोजत राहिली. दिवा हिरवा राहिला. तो त्या दिवशी सकाळी हिरवा असता तर… मोजायचं यंत्र हातात धरूनच ती रडली.

अप्पा वाचले. घरी आले, पण उठून बसेनात. मशीन पोचवायला साक्षी गेली नाही. दुकानातल्या बजरंगला पाठवलं. सर्व्हिसच्या वेळीही बजरंगच गेला. आनंदराजचा फोन आला तर आपण जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. तोच रागावलाय, तर आपण कुठल्या तोंडानं जावं?

फोन आला नाही. संक्रांत गेली. शेषेराव गावाहून आले आणि म्हणाले, उमरीचं स्थळ आहे, पोरगा बँकेत आहे, माणसं चांगली आहेत. साक्षीनं दोन दिवस मागितले. दोन दिवस फोन उशाशी ठेवला. मग "बरं" म्हणाली. सुपारी फुटली, बोटात अंगठी आली.

आणि शिवरात्रीच्या आधी खाजाभाई हळू आवाजात म्हणाले, "बेटा, औशाचे अप्पा गेले. मशीन परत आणायचं हाय. बजरंगला पाठवू?"

"नको. मी जाते."

घरात कॉट उभी करून ठेवली होती. कॉम्प्युटर खोक्यात भरलेला होता. आनंदराजनं दाढी केली नव्हती. मशीन दाराजवळ पुसून ठेवलं होतं. घरात कसलाच आवाज नव्हता.

"झोपेतच गेले," तो म्हणाला. "त्रास झाला न्हाई. डॉक्टर म्हणाले, छातीच संपली होती. मशीनचा काही संबंध न्हाई."

"तुम्हाला तसं वाटतं?"

"कधी वाटतंय… कधी न्हाई." जरा थांबून तो म्हणाला, "अप्पा रोज विचारायचे. ती पोरगी का येईना गेली म्हणून."

साक्षी मशीनशेजारी खाली बसली. "मग मला फोन का नाही केला?"

"काय सांगून करणार? मशीन एकदम चांगलं चाललं होतं." तो ओशाळून म्हणाला. "परत खोटं बोलायचं न्हाई, अशी शपथ घेतली होती मी. आणि खरं कारण… ते सांगायची हिंमत झाली न्हाई. बजरंग यायला लागला तेव्हा वाटलं, तुम्हाला ह्या घराचं तोंड बघायचं न्हाई."

"मला वाटलं, तुम्हाला माझं बघायचं नाही."

बाहेर कुणीतरी नळावर घागर विसळत होतं.

"नुसतं 'या' म्हणायचं होतं हो," साक्षी म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. "पहिल्यापासून. आवाज नको, वास नको, काही नको… या म्हणाला असता तर मी आले असते."

"आता म्हणतो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले नव्हते. "या. कायमच्या या. मी नांदेडला निघालोय, मित्राच्या स्टुडिओत. भाड्याची एक खोली बघितलीय. मला तुम्ही आवडता, साक्षी. त्या स्टँडवर बेकार टेक्निशियन म्हणालात तेव्हापासनं आवडता."

किती महिने ती हे ऐकायला थांबली होती! तिनं मान खाली घातली आणि ओढणीच्या टोकाला बोटांनी पीळ देत राहिली. अंगठी त्याला तेव्हा दिसली.

"कधी झालं?" त्यानं विचारलं.

"संक्रांतीनंतर. उमरीचे आहेत. वडिलांनी शब्द दिलाय… आणि मीही दिलाय. माणूस चांगला आहे, आनंदराज. त्याचा काही दोष नाही."

"न्हाई. त्याचा कसा असंल."

त्यानं मशीन उचललं. तिनं दुसऱ्या बाजूनं धरायला हात पुढं केला, तो नको म्हणाला, तरी तिनं धरलंच. टेम्पोपर्यंतचं अंतर थोडंच होतं. दोघं फार सावकाश चालले.

"उमरी नांदेडपासून काही लांब न्हाई," मशीन टेम्पोत ठेवताना तो म्हणाला.

"नाही ना. म्हणून सांगते…" साक्षीचा आवाज फाटला. "तुम्ही यायचं नाही. मी बोलावलं तरी यायचं नाही."

त्यानं मान हलवली. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि या खेपेला तिनंच हात वर करून त्याला थांबवलं. आता तो जे बोलेल ते खरं असणार होतं, आणि खरं ऐकून तिथून निघणं तिला जमलं नसतं.

टेम्पो निघाला. मशीन पडू नये म्हणून एक हात त्यावर ठेवून ती मागं बसली होती. औशाचा किल्ला मागं गेला, ज्वारीची रानं आली. पुढून ड्रायव्हरनं विचारलं, "ताई, घरचं कुणी होतं का?"

"हो," साक्षी म्हणाली. आणि मग पदर नसल्यानं, ओढणीच तोंडात कोंबून, लातूरचा पहिला सिग्नल येईपर्यंत रडली.