खालचा नळ कोणी फिरवला?

"कोणी फिरवला हा नळ?" मारझान ओरडली. "मी स्वतः उघडा ठेवून गेले होते!"

गल्लीतल्या सगळ्या बागांना पाणी देणारी पाइपलाइन एकच, आणि तिचा सगळ्यात खालचा नळ मारझानच्या बागेत. शरदाची सुट्टी लागल्यापासून ती, तिचा चुलतभाऊ येर्नार आणि शेजारच्या बागेतली साउले, तिघं शहरातून येऊन नुसती राबत होती. ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या, गाळणीच्या जाळ्या धुऊन घरात ठेवल्या, चढावर जाऊन मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि गल्लीतला एकूणएक नळ उघडा टाकला. आत पाणी राहिलं की ते गोठतं, फुगतं आणि पाइप उभा चिरतो! गेल्या साली तस्संच झालं. दुरुस्तीत अर्धा उन्हाळा गेला, आणि मारझाननं स्वतः कलम बांधलेली सफरचंदाची रोपं वाळून काड्या झाली. यंदा तिनं पुन्हा लावली होती.

सकाळीही हा नळ बंदच सापडला होता. तिनं उघडला, सगळं पाणी काढलं. आता जेवून येतात तो पुन्हा बंद! आणि पाइप टम्म भरलेला!

"भूत असेल," येर्नार म्हणाला.

"भुताला कशाला हवंय पाणी, ढोल्या?"

संध्याकाळच्या बसनं तिघांना शहरात परतायचं होतं. आभाळ लख्ख मोकळं, म्हणजे रात्री कडाका पडणार. मग या नळाची राखण करणार कोण?

तेवढ्यात ओराझबेक-आगा आले. गल्लीचे प्रमुख! बाह्या वर सारलेल्या, मिशीवर ताव.

"काय गं, पुन्हा नळाशी खेळ? तुम्हीच बंद करता आणि तुम्हीच विसरता! घरी जा. मी बघतो सगळं."

गेल्या सालीही ते 'मी बघतो'च म्हणाले होते. मारझानचे कान रागानं तापले.

"चिडायचं नंतर," साउले हळूच म्हणाली. "आधी ते बघ!"

रस्त्याकडेच्या पाटावर कुत्री भांडत होती. साळुंक्यांसारखा कलकलाट करत काळेपांढरे पक्षी चोची मारत होते. पाण्यावर लालसर फेस आणि चरबीचे तुकडे.

"कोणीतरी आतडी धुतंय!" येर्नार म्हणाला. "हिवाळ्याच्या बेगमीचा घोडा कापलाय. सोगम!"

"पण लाइन बंद असताना एवढं पाणी आणलं कुठून?"

तिघं पाटाच्या कडेनं वर पळाली. फेस थेट ओराझबेक-आगांच्या फाटकाखालून येत होता! फटीतून दिसलं: नळीला धो धो पाणी, टब भरून वाहतोय.

"सोडत नाही त्यांना!" मारझाननं फाटकाला हात घातला. येर्नारनं तिची बाही धरली.

"तू भांडशील, ते म्हणतील पोरं खोटारडी. त्यापेक्षा पाहुणे होऊन जाऊ. सोगमाच्या दिवशी दारातून कुणाला हाकलतात का? शिवाय, वास बघ काय सुटलाय!"

"सोगम लाभो!" तिघं आत शिरत एका सुरात म्हणाली.

कुल्याश-अपाय, म्हणजे आगांची बायको, हरखून गेली. "या रे पोरांनो, बसा!" आत निम्मी गल्ली जेवायला बसली होती. मानाच्या जागी गल्लीतले सगळ्यात वडीलधारे, पांढऱ्या दाढीचे तुर्सुन-अता. मधोमध परतलेल्या काळजाची वाफाळती परात.

येर्नारनं तोंड भरून घेतलं. "अपाय, काय चव आहे! आणि आतडी किती स्वच्छ धुतलीत! पण पाणी कुठलं हो? आमच्याकडे तर तांब्याभरही नाही."

"अरे, यांनी माझ्यासाठी लाइन सुरू केली ना! पार खालच्यापर्यंत सगळे नळ बंद केल्याशिवाय जोर येत नाही. सकाळपासून दोनदा उतार उतरून गेले बिचारे!"

ओराझबेक-आगांचा घास हातातच राहिला.

"मी... मी वरून बंद करणारच होतो की!"

मारझान उठली.

"वरून बंद करून काय होतं, आगा? आत भरलेलं पाणी कोण काढणार? गेल्या सालीही तुम्ही असंच केलंत ना? माझी रोपं मेली, आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, पोरांना साधा नळ उघडता येत नाही!"

आगांनी मान खाली घातली.

"मोठ्यांशी असं बोलतात?" कोणीतरी पुटपुटलं.

"बोलू द्या तिला!" तुर्सुन-अता गरजले. "दोन वर्षं आपण पोरांनाच बोल लावला. लाज आपल्याला वाटायला हवी. ओराझबेक, ऊठ! जेवण नंतर."

आगा चढावर गेले, व्हॉल्व्ह बंद केला. मग एकेक नळ उघडत खाली आले. मागून सगळी गल्ली! शेवटच्या नळाशी ते चिखलात गुडघ्यावर बसले. पाण्याचा फवारा थेट त्यांच्या नव्या बुटांत शिरला. साउले फिसकन हसली.

तुर्सुन-अतांनी मारझानच्या डोक्यावर हात ठेवला. "गल्लीची लाइन या तिघांनी वाचवली. शाब्बास! यापुढे या पोरीला विचारल्याशिवाय व्हॉल्व्हला कोणी हात लावायचा नाही."

पाइपानं शेवटची पिचकारी टाकली आणि फुर्र करून नुसती हवा सोडली.

"चुकलं माझं, पोरी," आगा म्हणाले.

"उन्हाळ्यात बघू," मारझान म्हणाली. "रोपं जगली, तर माफ!"